उपदेशातली भेसळ

५ जानेवारी २०२५, रविवार. दुपारी २.
रिटायर होताना कंपनीच्या लॅबमधून एक कोरं रजिस्टर आणल्तं. आज ते उघडलं. कॉलम छापलेलेच आहेत: नमुना, शुद्धता, उगवण, शेरा.
कारण, आमच्या जाफराबादच्या ख्रिस्ती मंडळीत आज भेसळ सापडली. शिरसाठ पाळकसाहेबांचा आवाज बसलाय. बिलकुल बंद. म्हणून आवाज येईपर्यंत त्यांनी उपदेशाचं पुलपीट ब्रदर हरिओम नावाच्या पाहुण्याला दिलं. पांढरे बूट, केसांवर गॉगल. पाऊण तास उपदेश करून शेवटी म्हणे, ज्याच्या खिशात गोळी त्याच्या मनात शंका. विश्वास पक्का असंल तर बीपीची, शुगरची गोळी आजच बंद करा. सगळी मंडळी हालेलुया!
मी हालेलुया म्हणलं न्हाई. नुसता खोकलो. ज्याला कळायचं त्याला कळलं असंल.
एकतीस वर्षं एमआयडीसीत बियाण्यातली भेसळ पकडली. सोयाबीनच्या मुठीत एक परका दाणा असला तरी हाताला कळायचा. त्यात नाव धर्मराज आणि आडनाव पारखे. हा ब्रदर माझ्यापुढं किस झाड की पत्ती!
बायकांच्या बाजूनं माझी बायको बेबीनंदा मोठ्यांदा आमेन म्हणली. तिला नऊ वर्षांपासून शुगर आहे. पण तिचं मनावर घ्यायचं कारण न्हाई. कुकरची शिट्टी वेळेवर झाली तरी ती आमेन म्हणते.
संकल्प: पंधरा दिवसांत ब्रदर रिजेक्ट.

६ जानेवारी, सोमवार
पाळकसाहेबांकडं गेल्तो. बोलता येत न्हाई म्हणून ते वहीवर लिहून दाखवतात. मी सांगितलं, साहेब, ही खोटी शिकवण आहे, लोक मरतील. त्यांनी लिहिलं, प्रार्थना करू. मी त्यांच्या हातातून पेन घेऊन खाली लिहिलं, प्रार्थनेसोबत कारवाई पण पाहिजे. त्यांनी लिहिलं, धर्मराज, मला ऐकू येतं.
मंग त्यांनी निदणाचा दाखला लिहिला. गव्हात निदण, म्हणजे तण, उगवलं तरी मालकानं कापणीपर्यंत उपटू दिलं न्हाई, तो. मी म्हणलं, साहेब, त्या मालकाकडं माझ्यासारखा माणूस नव्हता.
यावर त्यांनी वही मिटली. मुद्दा पटला असणार.

१२ जानेवारी, रविवार
आज शास्त्रीय काम. ब्रदरच्या उपदेशाचा नमुना घेतला. एकूण वाक्यं १४०. शुद्ध ५२. दुसऱ्या पिकाचं बी ३१, म्हणजे सिनेमातलं, क्रिकेटमधलं. तणाचं बी १७. काडीकचरा २०, म्हणजे नुसतंच "बोला हालेलुया". राहिलेली वीस वाक्यं मी डोळे मिटून ऐकली. शेजारचा म्हणतो, घोरून राह्यले होते. त्याला लॅबच्या कामातलं काय कळतं.
असा लॉट मी पोत्यात भरू दिला नसता.
रिपोर्ट लिहायचं ठरवलं. नाव: "खोट्या शिकवणीची ओळख व बंदोबस्त". पाच पानांत आटपतो.

१९ जानेवारी, रविवार
पंधरा दिवस आज भरले. मुदत वाढवली. चांगल्या टेस्टला वेळ लागतोच.
मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रिपोर्टचा पहिला भाग टाकला. चौदा मेसेज. सकाळभर वाट बघितली. एकानं हात जोडलेले टाकले. एकीनं गुलाबाचं फूल टाकून शुभ रविवार. तिसऱ्यानं विचारलं, काका, हे फॉरवर्डेड आहे का? अरे, रात्रंदिवस एक करून लिहिलंय आन फॉरवर्डेड? डोकंच फिरलं. मी उत्तरादाखल आणखी सहा मेसेज टाकले. संध्याकाळी ग्रुपचं सेटिंग बदललं. आता फक्त ॲडमिन लिहू शकतो. ॲडमिन पाळकसाहेबांची बायको.
ब्रदरच्या व्हिडिओखाली मात्र चाळीस अंगठे. त्यात बेबीनंदाचा पण. विचारलं तर म्हणली, चुकून लागला.

२७ जानेवारी, सोमवार. सकाळी ११.
रिपोर्ट तेवीस पानांवर. मुद्दा क्रमांक चार लिहून राह्यलोय: "आपल्या माणसांचं लक्षपूर्वक ऐका, म्हणजे त्यांच्या मनात कोणती शिकवण शिरली ते कळंल." सुंदर मुद्दा आहे. हा लिहिताना मलाच भरून आलं.
नेमकं तेव्हाच बेबीनंदा दारात. गोळ्यांचं काहीतरी विचारलं. मी म्हणलं, दिसत न्हाई का, लिहून राह्यलोय. तिनं परत विचारलं. हो, म्हणलं. हो, हो. मंग गेली.
बाईमाणसाला हो म्हणलं की विषय संपतो. हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं असतं तर आज शंभर पानं झाली असती.

२ फेब्रुवारी, रविवार
ब्रदरनं आज गोळ्यांची रिकामी पाकिटं पुढं आणून टाकायला सांगितली. विश्वासाचं अर्पण म्हणे! लोकांनी टाकली पण. मी जागेवरून उठून ठणकावणार होतो. पण शेवटच्या गीताला उभं राहायची वेळ झाली आन सगळेच उठले, त्यामुळं माझं उठणं कोणाच्या लक्षात आलं न्हाई.
पाकिटं कोणी टाकली ते बघायला पाहिजे होतं. पण मी तेव्हा मुद्दा क्रमांक नऊ टिपून घेत होतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार
यंदा उन्हाळा लवकर लागला. बेबीनंदा घटाघटा पाणी पिऊन राह्यली. तांब्यावर तांब्या. बारीक पण झाली. ब्लाउज ढिले झाले म्हणून शिवायला बसली होती. मी बरीच वर्षं सांगत होतो, भात कमी कर. अखेर ऐकलं. घरात शिस्त असली की फळ मिळतं.
शेजारच्या उषाबाई दळणाच्या निमित्तानं आल्या आन म्हणल्या, भाऊजी, ताईचा चेहरा उतरलाय, दाखवून आणा. मी सांगितलं, रिपोर्ट संपला की जालन्याला जायचंच आहे, तेव्हा बघू. उषाबाई म्हणल्या, रिपोर्ट कशाचा, शुगरचा? म्हणलं, न्हाई, त्याहून गंभीर.
नवलकिशोर मेडिकलवाल्यानं रस्त्यात थांबवून विचारलं, पारखेसाब, भाभीजी की दवाई इस महिने ले के नहीं गए? म्हणलं, अभी बहोत जरूरी काम चालू आहे.
सगळ्या गावाला माझ्याच वेळी बोलायचं सुचतं.

१६ फेब्रुवारी, रविवार
विजय! पाळकसाहेबांनी वहीवर लिहून कळवलं की पुढच्या रविवारी उपासनेनंतर अर्धा तास प्रश्नोत्तरं. ब्रदर तयार आहे. मीच मागणी केल्ती. सलग सहा चिठ्ठ्या पाठवल्यावर त्यांनी मान्य केलं.
आता बघा. एकच वचन मारणार, पण असं की ब्रदरचा गॉगल खाली पडला पाहिजे. तयारीची गरज न्हाई, वचन तोंडपाठ आहे. संडे स्कूलमध्ये बारा वर्षं पोरांकडून घोकून घेतलंय.

२३ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ५.
लिहायची इच्छा न्हाई. पण रजिस्टर म्हणजे रजिस्टर.
ब्रदर फार गोड बोलला. म्हणे, काका, गोळी घेणं हे विश्वासात बसतं याला बायबलमधला आधार द्या, मी आत्ताच्या आत्ता माफी मागतो. मी उठलो. घसा साफ केला. सगळी मंडळी माझ्याकडं बघून राह्यली. बेबीनंदानं पदर सावरला. मी म्हणलं, प्रयत्नांती परमेश्वर! गोळी हा प्रयत्न. अंती परमेश्वर. विषय संपला.
ब्रदर म्हणे, वा. कुठं आहे हे? मी म्हणलं, नीतिसूत्रे, अध्याय बत्तीस.
पानं उलटायचा आवाज झाला. बराच वेळ झाला. मंग ब्रदर हळूच म्हणला की नीतिसूत्रांचे अध्याय एकतीसच आहेत.
तेवढ्यात पहिल्या बाकावरून चांगुणाबाई. वय ऐंशी, अक्षरओळख न्हाई. म्हणली, आरं धर्मा, ती म्हण हाय ना? आमच्या नातवाच्या शाळंच्या भिंतीवर रंगवलीय, गुरुजी वाचून दाखवत होते.
लोक हसले. माझ्याच संडे स्कूलची पोरं, आता बापे झालेले, ते सगळ्यात जास्त हसले. एक म्हणला, सर, मला ह्या वचनासाठी बक्षीस दिल्तं तुम्ही. कंपासपेटी. ब्रदरनं विचारलं, शास्त्रात नसलेलं वचन बारा वर्षं लेकरांना शिकवणाऱ्याला काय म्हणतात? कोणीतरी मागून उत्तर पण दिलं. ते इथं लिहीत न्हाई.
घरी आलो. मला वाटलं, आता बेबीनंदा पण हसंल. पण ती चपला काढताना म्हणली, असंल हो कुठंतरी. तुम्ही म्हणता म्हणजे असंलच. त्यांच्या पुस्तकात पान गळालं असंल.
हे मलाही पटतं. छापखान्याची चूक.

१ मार्च, शनिवार
सहा दिवस नीतिसूत्रे शोधून राह्यलो. नऊशे पंधरा वचनं. दोनदा. न्हाई. उपदेशकाचं पुस्तक पण बघितलं. स्तोत्रं अर्धी झाली. तिथं पण न्हाई. जुन्या भाषांतरात असंल म्हणून तीन घरं पालथी घातली. एका घरात पुस्तक दिलं, पण बाईनं विचारलं, अध्याय बत्तीस शोधताय का? आन दार लोटून आत हसली. ऐकू आलं मला.
बेबीनंदाला थकवा आहे. दुपारची पण झोपून असते. माझ्या अपमानाचा धसका घेतलाय बिचारीनं. पायाला कुठं तरी फोड आलाय म्हणत होती. नवी चप्पल चावली असणार.
संकल्प: आता मागं हटणं न्हाई. रिपोर्ट छापून घरोघरी वाटायचा. चौसष्ट पानं. प्रयत्नांती परमेश्वर काढून टाकलं. त्या जागी फुल्या मारल्यात.

५ मार्च, बुधवार. जालना.
सकाळच्या एसटीनं आलोय. टायपिंगवाला "खोटी शिकवण" च्या जागी प्रत्येक वेळी "खोटी शिकवणी" टाइप करतो. वाचणाऱ्याला वाटंल क्लासवाल्यांविरुद्ध लिहिलंय! चार वेळा सांगितलं. त्याचं आपलं, काका, अर्थ तोच ना. अर्थ तोच? शिकवण आन शिकवणी? आज इथंच बसून सगळं बराबर करून घेणार. फोन सायलेंट करून पिशवीत टाकलाय. बारा वाजत आले. कोणाचा व्यत्यय नको.

५ मार्च. संध्याकाळी. दवाखाना.
अकरा मिस कॉल. सगळे उषाबाईचे.
बेबीनंदा ओसरीवर चक्कर येऊन पडली. उषाबाईनं काळी-पिवळी जीप थांबवली, आतली माणसं उतरवली आन तिला जालन्याला आणलं. मी त्याच गावात, पाच मिनिटांवर, टायपिंगवाल्याशी वेलांटीवरून भांडून राह्यलो होतो.
शुगर ४८०. पायाचा फोड आतून सडत चाललेला.
डॉक्टरीणबाईनं मला विचारलं, गोळी कोणती चालू होती? मला सांगता येईना. किती पॉवरची? माहीत न्हाई. जेवणाआधी की नंतर? न्हाई माहीत. मी म्हणलं, मॅडम, ही सगळी एका खोट्या शिकवणीची करामत आहे, माझ्याकडं चौसष्ट पानांचा रिपोर्ट आहे. त्यांनी हात पुढं केला. त्यांना वाटलं रक्ताचा रिपोर्ट. पहिलं पान वाचलं, माझ्याकडं बघितलं, परत दिला.
गोळीचं नाव नवलकिशोरनं फोनवर सांगितलं. पाठ होतं त्याला.

६ मार्च, गुरुवार
सलाइन चालू. पाय वाचंल म्हणतात, पण दोन दिवस थांबून सांगू म्हणतात. मी बाकड्यावर. देवा, पाय वाचव. रिपोर्ट गेला खड्ड्यात.
ब्रदरवर पोलीस केस करायची. आज न्हाई, उद्या. तो माझ्या बायकोचा पाय घेऊन चाललाय.

८ मार्च, शनिवार. दुपारी.
पाय वाचला. शुगर दोनशेच्या आत.
ती उठून बसली, पेज प्यायली. मंग मी सुरू केलं. म्हणलं, त्या ब्रदरला मी सोडणार न्हाई, त्याच्या नादानं तू गोळ्या सोडल्या, सगळं लिहून काढलंय.
बेबीनंदा म्हणली, ब्रदरच्या नादानं गोळ्या सोडायला मी काय येडी हाय का? तो आज हाय, उद्या दुसऱ्या गावाला. म्हणलं, तू आमेन म्हणली होतीस. तर म्हणे, आमेन म्हणायला काय लागतंय? सगळ्या म्हणत होत्या. अंगठा पण चुकूनच लागल्ता. पण मनात किडा शिरला. म्हणून तुम्हाला विचारलं. म्हणलं, ह्यांनी आयुष्यभर भेसळ बघितलीय, ह्यांना कळंल. दारात उभी राहून विचारलं, अहो, ब्रदर म्हणतात तशा गोळ्या बंद केल्या तर चालतंय का? दोनदा विचारलं. तुम्ही हो म्हणले. हो, हो, म्हणले. मंग मंडळीत गोळीच्या बाजूनं बोलले ते मला ब्रदरला हरवायपुरतं वाटलं.
पिशवीत रजिस्टर होतं. उघडून बघितलं. २७ जानेवारी.
ती म्हणली, काय बघताय? म्हणलं, काही न्हाई. ती म्हणली, पेज घ्या थोडी, तुम्ही पण काही खाल्लं न्हाई.
बाहेर जिन्यात जाऊन रडलो. इथं लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कोणाला सांगणार न्हाई.

१६ मार्च, रविवार
पाळकसाहेबांचा आवाज आला. ब्रदर गेला, सिल्लोडकडं कुठंतरी बोलावणं आल्तं म्हणे. त्याला मी घालवला न्हाई. कोणीच घालवला न्हाई. त्याचं त्याचं गेला.
उपासनेत साक्षीची, म्हणजे उठून आपला अनुभव सांगायची, वेळ आली. पाळकसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. बेबीनंदा उठली, पायाला पट्टी, बाकाला धरून. म्हणली, देवानं मला वाचवलं. उषाबाईच्या हातानं, डॉक्टरीणबाईच्या हातानं आन गोळीनं. गोळी सोडू नका बायांनो. आन सोडायची का म्हणून विचारायचं असलं तर डॉक्टरला विचारा, नवऱ्याला विचारू नका.
आमेन! असं आमेन ह्या मंडळीत मी कधी ऐकलं नव्हतं. मी पण म्हणलं.
बाहेर आल्यावर चौघीजणी तिच्याभोवती. चौघींनी गोळ्या बंद केलेल्या. दोघींची बीपीची, दोघींची शुगरची. त्यात चांगुणाबाई पण. दहा मिनिटांत चौघी! मला अडीच महिन्यांत एक सापडली नव्हती, घरातली सुद्धा.

१७ मार्च, सोमवार
पाचही जणी सकाळी जीपनं तपासायला जाऊन आल्या. मी येतो म्हणलं तर जागा न्हाई म्हणल्या.
दुपारी बेबीनंदानं कागद आन पेन आणून समोर ठेवलं. म्हणली, तुमचं अक्षर चांगलं हाय, सगळ्यांच्या चिठ्ठ्या लिहून द्या, भिंतीला चिकटवायच्या हायेत. गोळीचं नाव, वेळ, जेवणाआधी का नंतर. डॉक्टरच्या कागदावरून एकेक अक्षर बघून उतरवलं. खाली सही केली आन "धर्मराज पारखे, माजी बीज तपासनीस" लिहायला घेतलं. तिनं कागद ओढून घेतला. म्हणली, सही डॉक्टरची असते.
परत लिहिल्या. पाच चिठ्ठ्या, बिनसहीच्या. चांगुणाबाईला वाचता येत न्हाई, तिच्या चिठ्ठीवर सकाळच्या गोळीला सूर्य आन रात्रीच्या गोळीला चांद काढून द्यायचा होता. सूर्य बरा आला. चांद वाकडा झालाय. मी दुसरा काढतो म्हणलं, पण बेबीनंदा म्हणली राहू द्या, कळतंय.